बैठक

खाली चौदा माग चालतात, वरती माझं टेबल.
माग चालू असले की कपातला चहा
एकात एक गोल अंगठ्या काढत राहतो.
साखर पेठेत एवढी खोली
मला परवडते, त्याचं कारण हेच.

मल्लिनाथ हत्तुरेनं लेन्स आणली
टॉवेलात गुंडाळून.
अक्कलकोट रोडच्या लग्नात, अक्षता पडताना,
कुणाचा तरी कोपर लागला.
"बाहेरनं काही नाही बघा ताई,
पण नवरीचे सगळे फोटो
जरा जरा डावीकडं पळालेत."

आधी कुणीतरी उघडली होती ती.
स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे,
आणि आत, पातळ पट्टीवर,
तिळाहून लहान सेन्सर
वाळल्या गोंदात तिरपा.

तिरपा म्हणजे किती? अर्धा केस.
पण त्या तिळाला काम एवढंच :
समोरच्या चुंबकाकडं बघत राहायचं
आणि सांगायचं, काच आत्ता कुठं आहे.
तो खोटं बोलत नाही.
चुकीच्या जागी बसून खरं बोलतो,
आणि कॉइल बिचारी त्याचं ऐकून
काच ढकलत राहते
नसलेल्या मध्याकडं.

जुना गोंद सोडवण्यात दोन दिवस गेले.
स्टीलचा चिमटा इथं चालत नाही,
चुंबक हिसकून घेतं :
हात माझा, मर्जी त्याची.
म्हणून हा बांबूचा, मीच तासलेला,
आईच्या विड्यांच्या कात्रीनं
टोकं सारखी केलेला.

नायना दारात खुर्ची टाकून बसतात.
एकोणचाळीस वर्षं जॅकार्डवर, आता कान गेलेत.
ओरडून सांगावं लागतं :
नायना, दोन सेन्सर! एक आडवं बघतो, एक उभं!
ते हसतात.
"एक पत्ता उलटा लागला
की मोराची मान तुटायची चादरीवर.
मालक मोराला नाही बोलायचा, मला बोलायचा."

मंगळवारी बाराला लाइट जाते.
खालून एकेक माग थांबला,
शेवटचा जरा उशिरा, सवयीनं.
चहा सपाट झाला.
पंखाही गेला. बेचाळीस डिग्री.
कपाळ आधीच ओढणीनं पुसून घेतलं,
पुढं हात मोकळा नसतो.

मीटर बॅटरीवर. डोळ्याला भिंग.
काच मधोमध धरली पितळी पाचरांनी.
सेन्सर खाचेच्या कोपऱ्याला टेकवला,
दोन्ही भिंती शिवतील इतकाच, दाब न देता.
मीटरकडं सारखं बघायचं नाही
असं स्वतःला सांगते, आणि बघते.
एकशे चाळीस. नव्वद.
चुंबकाचं उत्तर आणि दक्षिण
जिथं एकमेकांना खोडतात
ती रेघ शोधायची.
बारा. वजा तीस.
थांब.
पाच.
वजा दोन.

शून्याची वाट बघत बसलं तर लाइट येते,
हे पहिल्याच वर्षी कळलं होतं.
वजा दोनवर निळा दिवा धरला
आणि गोंद घट्ट होईपर्यंत
शंभर आकडे मोजले, तेलुगूत,
लहानपणी शिकलेले.

साडेतीनला माग सुरू झाले.
नायनांना ते पायांतून कळतं,
त्यांनी खुर्ची आत ओढली.
मी कॅमेरा मुद्दाम त्याच टेबलावर ठेवला,
चहाशेजारी.
समोर भिंतीवर नायनांची जुनी चादर.
शटर उघडं, सेकंदाचा आठवा भाग.
आत काच किंचित कुजबुजली.

पडद्यावर मोर.
मान जागेवर. पिसं मोजून घ्या.
फक्त उजव्या कडेला
एक टाका पुसट.
वजा दोन, मी मनात म्हटलं,
आणि पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

नायना खांद्यावरून वाकून बघत होते.
"तो चादरीतच तसा आहे," म्हणाले.
"सत्त्याऐंशी साली. मीच चुकलो होतो.
म्हणून तर घरी आली ती."

मी उठले, भिंतीपाशी गेले,
बोटानं चाचपून पाहिलं.
दोन धागे, एकमेकांवर चढलेले.